अमेरिकेत मुलाचं नाव शाळेत घालताना: कोणता कागद द्यायचा आणि कोणता घरी ठेवायचा

पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, नाव घालायला निघालेले आपल्याकडचे बरेच पालक व्हिसाची अख्खी फाईल काखेत मारून जातात. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीची नोटीस), आय-९४ (देशात शिरल्याची नोंद), कंपनीचं पत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड, सगळं. यातलं काहीच शाळेला लागत नाही. जे लागतं ते मात्र अर्धवट असतं: लसींच्या तारखांचा कागद आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. मग मूल तीन आठवडे घरी बसतं आणि पालकांना वाटतं व्हिसामुळेच अडलं.

व्हिसामुळे अडत नाही, आणि तसं अडवायची शाळेला मुभाही नाही. १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इमिग्रेशनच्या कारणावरून कोणत्याही मुलाला बारावीपर्यंतचं मोफत सरकारी शिक्षण नाकारता येणार नाही. एच-४ किंवा एल-२वरचे (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचे कुटुंबीय), ग्रीन कार्डवाले, आसरा मागणारे, कागदच नसलेले, सगळ्यांना दार तेच. शाळा म्हणजे व्हिसा ऑफिस नव्हे, एवढं पक्कं धरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या. मुलाचा स्वतःचा व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा, असेल तर आठवीपर्यंत सरकारी शाळेत जाता येत नाही. हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने जाता येतं, तेही पूर्ण खर्च भरून. हा नियम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या एफ-१ला लागतो. आई-वडील एफ-१वर आणि मूल एफ-२वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून म्हणून आलेलं, असेल तर लागत नाही. दुसरी गोष्ट, बी-२ म्हणजे फिरायला आलेल्यांचा व्हिसा. त्यावर आलेल्या मुलाला शाळा काही विचारणार नाही, पण नियमित शिक्षण घेणं त्या व्हिसाच्या अटीत बसत नाही. त्याचा त्रास शाळेत होत नाही, पुढच्या व्हिसाच्या वेळी होतो. सुट्टीत मामाकडे आलेल्या भाच्याला ‘तीन महिने शाळेचा अनुभव’ द्यायचा मोह म्हणूनच टाळा.

खाली उदाहरणं जास्त करून न्यू जर्सीची दिली आहेत. राज्यागणिक तपशील बदलतो, क्रम बहुतेक सगळीकडे हाच.

१. भारतातून निघण्यापूर्वी

*जन्मदाखला.* शाळेला मुलाचं वय पाहायचं असतं, नागरिकत्व नाही. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला चालतो. परदेशातला आहे म्हणून तो नाकारता येत नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. त्याखाली भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे’ असं लिहून नाव, सही आणि तारीख घालावी. भाषांतर स्वतः आई-वडिलांनी करू नये.

नावाकडे नीट बघा. आपल्या दाखल्यावर कधी मुलाचं फक्त पहिलं नाव असतं, कधी मुलाचं, वडिलांचं आणि आडनाव एका ओळीत असतं, तर पासपोर्टवर तेच तीन भाग वेगळ्या रकान्यांत गेलेले असतात. लसीच्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव असेल तर डॉक्टरांकडून मुलाच्या नावाचं कार्ड करून आणा. शाळेच्या नोंदीत जे नाव एकदा चढतं ते ट्रान्स्क्रिप्टवर (एकत्रित गुणपत्रकावर) आणि डिप्लोमापर्यंत तसंच चालतं.

*लसींचा कागद.* सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवा.

भारतातल्या लसी पूर्ण झालेल्या असूनही इकडे काही डोस मोजले जात नाहीत. कारणं ठरलेली आहेत:

गोवराचा डोस पहिल्या वाढदिवसाआधी दिला असेल तर तो धरत नाहीत. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, म्हणजे तो गेला. शिवाय सरकारी वेळापत्रकातली लस गोवर-रुबेलाची असते, तिच्यात गालगुंड नसतो. इथे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला) लागते, साधारण दोन डोस.

हिपॅटायटिस बीचा शेवटचा डोस वयाच्या २४ आठवड्यांनंतरचा हवा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस) देऊन थांबलं असेल तर आणखी एक डोस लागतो. दीड वर्षाला हेक्साव्हॅलंटचा (सहा रोगांच्या लसीचा) बूस्टर दिलेला असेल तर प्रश्न मिटतो.

पोलिओचे तोंडावाटे दिलेले थेंब एप्रिल २०१६ नंतरचे असतील तर ते अमेरिकेच्या हिशेबात धरत नाहीत, कारण तेव्हापासून थेंबांत विषाणूचे तीनऐवजी दोनच प्रकार असतात. कार्डावर इंजेक्शनची पोलिओ लस, म्हणजे आयपीव्ही, वेगळी लिहिलेली आहे का बघा. पल्स पोलिओच्या दिवसांची मोठी यादी इथे कामाला येत नाही.

कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. इथे राज्यानुसार एक किंवा दोन डोस मागतात. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर डॉक्टरांचं पत्र किंवा रक्ताची तपासणी चालते का, ते डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, विचारा.

सहावी-सातवीत जाणाऱ्या मुलाला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) लागते. भारतात दहाव्या वर्षी सरकारी केंद्रात मिळते ती टीडी. तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. न्यू जर्सीसह अनेक राज्यं या वयाला मेनिन्जायटिसची लसही मागतात.

एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यावेत. घाईत आठवड्याच्या अंतराने दिल्या की दुसरी बाद होते आणि पुन्हा टोचावी लागते. मुलाचा राग मग शाळेवर निघतो.

> तपासा: प्रत्येक डोसची तारीख महिन्याच्या नावासकट लिहून घ्या. आपण ०४/०७/२०१९ म्हणजे ४ जुलै वाचतो, शाळेची नर्स ७ एप्रिल वाचते. तीन महिने मागे सरकलेल्या तारखेमुळे चांगला डोस ‘वेळेआधी दिला’ म्हणून बाद होऊ शकतो. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, इंग्रजीत एकच पान करून घ्या.

आणखी एक. भारतात जन्मलेल्या मुलाची क्षयाची तपासणी मागितली जाऊ शकते. बीसीजी घेतलेल्या मुलाच्या हातावरची टोचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे आणि औषधांची चर्चा सुरू होते. मूल दोन वर्षांहून मोठं असेल तर त्याऐवजी रक्ताची आयजीआरए तपासणी मागा.

*शाळेचे कागद.* लहान वर्गांसाठी मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला पुरतो. मूल नववीत किंवा त्यापुढे असेल तर नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक विषयाचं गुणपत्रक हवं आणि सोबत अभ्यासक्रमाची प्रत. अमेरिकेतलं हायस्कूल क्रेडिटवर, म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक विषयाच्या गुणांकावर, चालतं. नववीचं बीजगणित शिकून झालंय हे कागदावर दिसलं नाही तर तेच पुन्हा बसून शिकावं लागतं. शाळेच्या शिक्क्याचा एक बंद लिफाफा आणि एक उघडी प्रत, असे दोन संच आणा.

२. पत्ता पक्का करा, मगच फॉर्म भरा

शाळा पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या या बाजूला एक डिस्ट्रिक्ट आणि पलीकडे दुसरं असं असू शकतं, आणि टपालाचा पत्ता ज्या गावाचा आहे त्याच गावाची शाळा मिळेल असंही नाही. लीजवर (भाडेकरारावर) सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाकून बघा.

पुरावा म्हणून लीज, वीज किंवा गॅसचं बिल, बँकेचं पत्र असे कागद चालतात. नुकतेच आलेल्यांकडे बिलं नसतात. भावाकडे किंवा मित्राकडे राहत असाल तर घरमालकाचं किंवा यजमानाचं नोटरी केलेलं अॅफिडेव्हिट द्यायचा रस्ता असतो. रजिस्ट्रारकडे (प्रवेशाची नोंदणी करणाऱ्याकडे) त्याचा छापील नमुना मिळतो. न्यू जर्सीत एखादाच विशिष्ट कागद नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि इन्कम टॅक्स रिटर्न, व्हिसाचे कागद किंवा सोशल सिक्युरिटी नंबर यांची अट घालता येत नाही.

घर सुटल्यामुळे किंवा पैशांच्या अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरात, मोटेलमध्ये किंवा निवारा केंद्रात राहावं लागत असेल तर मॅकिनी-व्हेंटो कायदा लागू होतो. तेव्हा पत्त्याचा पुरावा, लसींचे कागद, जुन्या शाळेचे कागद यांतलं काहीही नसलं तरी मुलाला लगेच वर्गात बसवावं लागतं. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी एक नेमलेली व्यक्ती असते, तिला ‘होमलेस लिएझॉन’ म्हणतात. नाव ऐकून संकोचू नका. नोकरी गेल्यावर दोन कुटुंबं एका घरात आली तरी हा कायदा लागू होऊ शकतो.

> सावधान: चांगल्या शाळेसाठी नातेवाइकाचा पत्ता ‘वापरणं’ आपल्याकडे फार मोठी गोष्ट वाटत नाही. इथे डिस्ट्रिक्ट घरी माणूस पाठवून खात्री करू शकतं, आणि मागच्या महिन्यांची फी वसूल करू शकतं. मूल काकाकडे ठेवून आई-वडील भारतातच, हाही जुगाड न्यू जर्सीत ‘फक्त शाळेसाठी’ म्हणून चालत नाही. सांभाळ करता न येण्याचं खरं कौटुंबिक किंवा आर्थिक कारण दाखवावं लागतं.

३. नोंदणीच्या दिवशी

टेबलावर ठेवायच्या गोष्टी मोजून चार: जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, लसींचं पान, जुन्या शाळेचे कागद. सोबत पालकाचं एक ओळखपत्र. पासपोर्ट ओळखपत्र म्हणून दाखवायचा असेल तर फोटोचं पान दाखवा आणि परत घ्या. व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढायची गरज नाही.

फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना दिसला तर रिकामा सोडा. तो नंबर देणं ऐच्छिक आहे. ‘जन्मदेश’ आणि ‘अमेरिकेत पहिल्यांदा शाळेत कधी गेला’ हे रकानेही दिसतील. परदेशातून आलेल्या मुलांसाठी काही निधी मिळतो, त्याच्या मोजणीसाठी ते असतात. उत्तर दिलं नाही म्हणून प्रवेश थांबत नाही. उत्तर खोटं मात्र देऊ नका.

मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या अर्जात सही करणाऱ्या मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात. एच-४वरच्या आईकडे बऱ्याचदा नंबरच नसतो. त्यासाठी तिथेच ‘नंबर नाही’ अशी चौकट असते, तिच्यावर खूण करायची. नंबर नाही म्हणून अर्जच न भरणं ही चूक.

लसी अपुऱ्या असल्या तरी मूल घरीच बसेल असं नाही. न्यू जर्सीत दुसऱ्या राज्यातून किंवा देशातून आलेल्या मुलाला लसीचे कागद सादर करायला ३० दिवसांची सवलत आहे. इतरत्र बऱ्याच ठिकाणी प्रत्येक लसीचा निदान एक डोस झाला की तात्पुरता प्रवेश मिळतो.

वर्ग वयाप्रमाणे मागा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मुलाला एक इयत्ता खाली बसवायचा प्रस्ताव आला तर लगेच मान डोलवू नका. भाषेसाठी वेगळी मदत देणं शाळेचं काम आहे, त्यासाठी वर्ष गमवायचं कारण नाही. बालवर्गाची वयाची तारीख मात्र कडक असते: कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबर, न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर, न्यू जर्सीत डिस्ट्रिक्ट ठरवेल ती.

> तपासा: निघण्यापूर्वी काय दिलं, काय बाकी आहे आणि मूल कोणत्या तारखेला बसणार, हे रजिस्ट्रारकडून लिहून घ्या. लिहून मिळालं नाही तर त्याच संध्याकाळी तुम्हीच ईमेल करा: आज आम्ही हे कागद दिले, तुम्ही असं सांगितलंत. पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर हीच नोंद पुरावा म्हणून कामी येते.

४. घरातल्या भाषेचा फॉर्म

‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाचं एक पान मिळतं. घरी कोणती भाषा बोलता, मूल पहिली कोणती भाषा शिकलं, एवढंच. मराठी पालक इथे हमखास ‘इंग्लिश’ लिहितात, कारण ‘मराठी’ लिहिलं तर पोराला ‘ढ’ मुलांच्या वर्गात टाकतील अशी भीती असते. खरं काय ते लिहा.

मराठी लिहिल्याने मूल कुठल्याही वर्गात जात नाही. एक चाचणी होते, तीही नाव घातल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवी. इंग्रजी माध्यमातून आलेली बरीच मुलं तिथेच सुटतात. बोलणं फाडफाड असून लिहिण्यात अडणाऱ्यांना ईएसएलचा (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा) तास मिळतो. तो मोफत असतो, आणि त्याचा विशेष शिक्षणाशी (शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीच्या सोयीशी) संबंध नाही. १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यापासून हे बंधन आहे: भाषा न कळणाऱ्या मुलाला नुसतं बाकावर बसवून ठेवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे.

मूल या कार्यक्रमात घेतलं तर शाळेने पालकांना कळवायला हवं: वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत, मधेच आलेल्या मुलासाठी दोन आठवड्यांत. तास नको असेल तर लेखी नकार देता येतो. पण नकार दिला तरी दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा पास होईपर्यंत द्यावीच लागते. म्हणून घाईने नकार देण्याआधी विचारा की कोणत्या विषयाचा तास बुडवून ईएसएल होणार आहे. गणिताचा किंवा विज्ञानाचा असेल तर वेळ बदलून मागा. हा प्रश्न फार कमी पालक विचारतात.

५. दुभाषी मागणं

आई-वडिलांना इंग्रजी अडचणीचं असेल तर महत्त्वाची माहिती त्यांना कळेल अशा भाषेत देणं शाळेवर बंधनकारक आहे. आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. मराठीत छापील पत्रकं सहसा नसतात; फोनवरचा दुभाषी मिळू शकतो. बैठकीच्या चार-पाच दिवस आधी लेखी कळवा आणि भाषा ‘मराठी’ अशी स्पष्ट लिहा. फॉर्मच्या यादीत मराठी नसेल तर ‘इतर’ निवडून लिहा. नुसतं ‘इंडियन’ म्हटलं की हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारं कुणीतरी समोर येतं आणि आजी गप्प बसते.

> सावधान: मुलालाच दुभाषी करू नका. शाळेनेही तसं सुचवू नये. स्वतःच्या तक्रारीचं भाषांतर करताना दहा वर्षांचं पोर काय गाळेल ते सांगायला नको.

६. नोंदी, संपर्कयादी आणि दारावरचा माणूस

फेर्पा या १९७४ च्या कायद्याने मुलाच्या नोंदी पालकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाहीत. यात एक मोठी फट आहे: ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख आणि जन्मस्थळसुद्धा शाळा या सदरात घालू शकते आणि मागणाऱ्याला देऊ शकते. वर्षाच्या सुरुवातीला येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात याला नकार देण्याचा फॉर्म असतो. तो शोधा, भरा, मुदतीत द्या. हायस्कूलमध्ये सैन्यभरतीवाल्यांना नाव-नंबर न देण्याची खूणही बहुधा तिथेच करायची असते. तुम्हाला स्वतःला मुलाच्या नोंदी पाहायच्या असतील तर मागितल्यापासून ४५ दिवसांत दाखवाव्या लागतात.

संपर्कयादीत किमान तीन माणसं घाला. तिघंही मुलाला घ्यायला येऊ शकतील अशी, त्यांचं ओळखपत्र आणि स्थानिक फोन असलेली. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांचं नाव घालून ते परत गेल्यावर यादी तशीच राहते, हे फार घडतं. आई-वडील कोणत्याही कारणाने अडकले, अपघात असो की अटक, तर मूल या यादीतल्या माणसाकडेच सोडलं जातं.

जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचं केंद्र सरकारचं धोरण रद्द झालं. म्हणजे अधिकारी शाळेत येणारच नाहीत असं धरून चालता येत नाही. पण कुणी आलं म्हणून शाळेने दार सताड उघडावं असंही नाही. न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट आणि इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याने स्वतः सही केलेलं वॉरंट (आय-२०० किंवा आय-२०५ क्रमांकाचा कागद) यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या कागदावर शाळेच्या बंद भागात शिरण्याचा हक्क मिळत नाही. डिस्ट्रिक्टला आधीच विचारून ठेवा: कागद कोण तपासतो, वकिलाला कोण कळवतं, पालकांना फोन कधी जातो? अनेक डिस्ट्रिक्टचं हे धोरण लेखी असतं.

७. मूल शिकताना अडतंय, आणि कारण भाषा नाही

‘आधी इंग्रजी येऊ दे, मग तपासू’ हे उत्तर स्वीकारू नका. विशेष शिक्षणासाठी तपासणीची मागणी लेखी करा. तपासणी मुलाला येणाऱ्या भाषेत व्हायला हवी. तुमच्या संमतीपासून ६० दिवस ही केंद्राची मुदत, राज्याची स्वतःची असेल तर ती. न्यू जर्सीत अर्जानंतर २० दिवसांत बैठक आणि संमतीनंतर ९० दिवसांत मुलाची शिक्षणाची योजना तयार होऊन लागू व्हावी लागते. तोंडी मागणी केली तर यातली एकही मुदत सुरू झाली हे दाखवता येत नाही.

८. तरीही अडवलं तर

क्रम मोडू नका. आधी मुख्याध्यापकांना ईमेल, मग डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला, मग राज्याच्या शिक्षण खात्याला. नकार मिळाला तर तो कारणासकट लेखी मागा. न्यू जर्सीत पत्त्यावरून नाकारलं तर २१ दिवसांत शिक्षण आयुक्तांकडे अपील करता येतं आणि निकालापर्यंत मूल शाळेत राहतं. अपील हरलात तर त्या काळाची फी मागू शकतात, म्हणून कागद भक्कम असतील तरच हा रस्ता धरा.

मूळ देशावरून छळ, भाषेची मदत नाकारणं अशा तक्रारी केंद्राच्या शिक्षण खात्यातल्या नागरी हक्क कार्यालयाकडे जातात; घटनेपासून १८० दिवसांच्या आत. २०२५ मध्ये या कार्यालयाच्या बारांपैकी सात प्रादेशिक शाखा बंद झाल्या, त्यामुळे तिथे एकट्यावर भिस्त ठेवू नका. राज्याकडची तक्रार समांतर चालू ठेवा. तक्रारीत ‘शाळेने वाईट वागवलं’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणी, काय मागितलं किंवा नाकारलं, आणि तुम्ही कोणता कागद दिला होतात, एवढं एका पानात बसवा. नोंदणीच्या संध्याकाळी पाठवलेला ईमेल त्या पानाला पहिला जोडायचा.